उन्हाळ्यातलं तान्हं बाळ: किती कपडे घालायचे, दुपट्यात कसं गुंडाळायचं

एप्रिल-मेमधलं बाळंतपण असलं की दवाखान्यात न्यायची पिशवी आधीच भरून ठेवलेली असते. झबली, लंगोट, दुपटी तर असतातच, पण त्यांच्या खाली मावशीने विणलेला लोकरीचा स्वेटर, मोजे, कानटोपी आणि अस्तर लावलेली कुंचीही असते. घरी जायच्या दिवशी बाहेर ४३ अंश तापमान, आणि बाळ मात्र या सगळ्यात गुंडाळलेलं, नाकाचा शेंडा तेवढा दिसतोय. विदर्भात आणि मराठवाड्यात हे दर उन्हाळ्यात पाहायला मिळतं. ते थांबावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

‘बाळाला वारं लागेल’ ही घरच्यांची भीती निराधार नाही. जन्मानंतरच्या पहिल्या तासांत बाळ खरोखर चटकन गार पडतं. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा बरंच जास्त असतं आणि कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. म्हणून दवाखान्यात टोपडं घालतात, आईच्या अंगाशी ठेवतात. तिथे सांगितलं असेल तोवर ते पाळायचंच. पण याच कारणामुळे ते तापतंही चटकन. घामाच्या ग्रंथी अजून नीट काम करत नसतात, पाणी मागता येत नाही, पांघरूण लाथाडून टाकता येत नाही. भोवतालची हवा गरम आणि अंगावर तीन थर, अशा वेळी त्याचं तापमान आजार नसतानाही वाढतं.

मानेमागे हात लावून ठरवा

बाळाला किती कपडे हवेत हे पंचांग सांगत नाही, आणि बाळाचे हातपायही सांगत नाहीत. पहिल्या काही दिवसांत तळहात-तळपाय जरा गार, कधी निळसर असणं साधारण आहे. रक्ताभिसरण अजून बसतं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘पाय किती गार पडलेत बघ’ म्हणून मोजे चढवले जातात आणि मग दुपट्याचा आणखी एक थर येतो. ओठ, जीभ किंवा चेहरा निळा दिसला तर मात्र ती वेगळी गोष्ट आहे, लगेच डॉक्टर गाठायचे.

हात लावायचा तो मानेमागे, नाहीतर छातीवर किंवा पोटावर. आधी स्वतःचा हात पुसून नेहमीसारखा होऊ द्या, आताच भांडी घासून आलेल्या गार हाताला बाळ नेहमीच गरम लागतं. दोन बोटं झबल्याच्या गळ्यातून मागे सरकवा. कोरडी आणि कोमट मान म्हणजे कपडे बरोबर आहेत. दमट, चिकट लागली, केस ओले झाले असले, गाल लाल दिसले की एक थर ताबडतोब काढा. छाती-पोटही गार लागलं तर एक थर वाढवा. दर दूध पाजण्याच्या वेळी ही तपासणी केली तर दिवसातून आठ-दहा वेळा सहज होते, वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

घरात एक डिजिटल थर्मामीटर ठेवाच. काख आधी पुसून कोरडी करा, टोक काखेच्या मधोमध येऊ द्या, हात अंगाशी धरून ठेवा आणि बीप वाजेपर्यंत हलवू नका. काखेतलं ३६.५ ते ३७.५ सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट, हे ठीक. गावात आशाताई घरी येतात तेव्हा त्यांच्याकडे थर्मामीटर आणि वजनकाटा असतो. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी त्यांच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. पहिल्याच भेटीत त्यांच्याकडून काखेत थर्मामीटर लावायला शिकून घ्या.

कापड कोणतं

बाळंतविड्यातल्या वस्तूंपैकी उन्हाळ्याला सगळ्यात योग्य गोष्ट बहुतेक सगळ्यात जुनी असते: आजीच्या मऊ झालेल्या सुती लुगड्याची किंवा आजोबांच्या धोतराची शिवलेली झबली. वर्षानुवर्षं धुतलेलं सूत मऊ असतं, घाम शोषतं आणि त्यातून हवा खेळते. त्याच्या तोडीचं दुसरं कापड म्हणजे मलमल. बाजारातली होजियरीची झबली चालतात, पण पातळ घ्या. नायलॉनची लेस, जरीची किनार, सॅटिनचा फ्रॉक, टेरिकॉटचं अस्तर हे सगळं बारशाच्या फोटोपुरतंही उन्हाळ्यात नको. हौस असेल तर बाळ लंगोटावर असताना शेजारी ठेवून फोटो काढा.

नवं कापड एकदा तरी साध्या पाण्यात धुवून, खळ पूर्ण काढून मगच वापरायचं. झबलं पुढून उघडणारं आणि बंद बांधायचं असलं की सोयीचं पडतं, डोक्यातून ओढावं लागत नाही. गळ्याचे बंद आखूड ठेवा, गाठ बाजूला येऊ द्या. कपडा उलटा करून आतले सुटे धागे कापून टाका. हातमोजे-पायमोज्यांतला एखादा लांब धागा बोटाला गुंडाळला जाऊन बोट सुजलेलं मी पाहिलं आहे. बाळ रडत होतं, कारण कोणाला कळत नव्हतं. नखं कापली की हातमोज्यांची गरज राहत नाही, आणि तोंडात हात घालून भूक सांगायची सोयही बाळाला राहते.

करगोटा, काळा दोरा, वाळे यांबद्दल घरोघरी मतं वेगळी असतात. माझं मत स्पष्ट आहे. गळ्यात काही नको. कमरेचा दोरा असेल तर त्याखालून बोट सहज फिरावं, आणि आंघोळीनंतर तोही पुसून कोरडा करावा, कारण ओला दोरा घामोळ्यांना आयतं निमित्त देतो.

खोलीच्या तापमानाप्रमाणे कपडे

भिंतीवरचा साधा तापमापक शंभर-दोनशे रुपयांत मिळतो, बाळाच्या खोलीत तो लावा. त्यानंतर असं धरून चाला. वजन २.५ किलोच्या वर असलेल्या, पूर्ण दिवसांच्या, तब्येतीने ठीक बाळाबद्दल मी बोलते आहे.

खोली ३२ अंशांच्या पुढे असेल तर नुसता सुती लंगोट, किंवा लंगोट आणि बिनबाह्यांचं मलमलचं झबलं. दुपटं नको, टोपडं नको, मोजे नकोत. हे बघून घरात कोणीतरी नक्की म्हणेल, ‘अगं, उघडं काय ठेवलंस?’ त्यांचाच हात धरून बाळाच्या मानेला लावा. वादापेक्षा याचा उपयोग होतो.

२७ ते ३२ अंशांमध्ये पातळ झबलं आणि लंगोट पुरे. झोपताना पोटापासून पायांपर्यंत मलमलचा एकच थर टाकायचा असेल तर तो काखेच्या वर येऊ देऊ नका आणि कडा गादीखाली खोचा.

एसी लावून खोली २५-२६ वर ठेवली असेल तर पूर्ण बाह्यांचं झबलं, लंगोट किंवा पायजमा आणि वर मलमलचं एक दुपटं. एसीचा झोत बाळाकडे नको, आणि २२-२३ वर आणून वरून जाड गोधडी घालायची हा प्रकार मुळीच नको. त्यापेक्षा तापमान वाढवा आणि गोधडी बाजूला ठेवा.

डायपर लावणार असाल तर तोही एक थर आहे हे लक्षात घ्या. प्लॅस्टिकच्या आत जांघेत उष्णता कोंडते. दिवसा, निदान दुपारी, लंगोट बरा. बाळाखाली घालतात ते रबरी कापड किंवा मेणकापड मात्र फार जणांच्या नजरेतून सुटतं. वरचा कपडा पातळ, पंखा चालू, तरी पाठीवर घामोळं, तेव्हा कारण बहुतेक वेळा खालच्या रबरात सापडतं. रबरी कापड फक्त कमरेखाली येईल एवढंच घाला आणि त्यावर चौपदरी सुती कापड ठेवा.

कमी दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाला हे अंक लावू नका. त्याला ऊब धरून ठेवणंही जमत नाही आणि घामही नीट येत नाही, दोन्हीकडून जपावं लागतं. त्याच्यासाठी आईच्या उघड्या छातीशी बाळ ठेवण्याची कांगारू पद्धत उत्तम. उन्हाळ्यात त्या वेळी आईच्या अंगावरही एकच पातळ सुती थर हवा आणि खोलीत हवा खेळती हवी. टोपडं कधी घालायचं हे तुमच्या बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

दुपट्यात गुंडाळताना

नवजात बाळ झोपेत दचकतं, हात फाकवतं आणि स्वतःच जागं होतं. घट्टसर गुंडाळल्यावर काही बाळं शांत झोपतात, म्हणून ही पद्धत टिकली आहे. पण ती सोय आहे, गरज नाही. गुंडाळलं नाही म्हणून बाळाच्या वाढीत काही कमी पडत नाही, हातपाय वाकडे राहत नाहीत. म्हणून माझा सरळ नियम: खोली २८-२९ च्या पुढे असेल तर बाळ गुंडाळायचंच नाही. त्याखाली असेल तर असं गुंडाळा:

१. साधारण एक मीटर चौरस मलमल घ्या. उन्हाळ्यात दुहेरी शिवलेलं, मध्ये फ्लॅनेलचं अस्तर असलेलं दुपटं नको. बाळाच्या अंगात आत फक्त लंगोट, फार तर पातळ झबलं.

२. कापड कोपरा वर येईल असं अंथरा. वरचा कोपरा वीतभर आत दुमडा. दुमडलेली कड बाळाच्या खांद्यांच्या रेषेत यायला हवी, मानेखाली किंवा डोक्याखाली नको.

३. बाळाला पाठीवर ठेवा. एक हात अंगालगत, कोपरात थोडा वाकलेला ठेवून त्या बाजूचं कापड छातीवरून नेऊन दुसऱ्या बाजूच्या पाठीखाली सरकवा. हात ताणून सरळ करू नका. बाळाला हात तोंडाशी हवे असतील तर दोन्ही हात बाहेरच ठेवा, मग फक्त छातीपासून खाली गुंडाळायचं.

४. खालचा कोपरा वर घ्या, पण पाय सरळ करून बांधू नका. ‘पाय सरळ राहावेत’ म्हणून गुडघे जोडून घट्ट बांधायची रीत अजून काही घरांत आहे. तिने खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. पाय बेडकासारखे वाकलेले आणि बाजूला फाकवता येतील इतकी जागा खाली हवी. खालची बाजू सैल पिशवीसारखी राहू द्या.

५. दुसऱ्या बाजूचं कापड आणून खोचा. सेफ्टी पिन, दोरी, नाडी काही लावायचं नाही. छाती आणि कापड यांमध्ये तुमची दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत. बाळाचा श्वास पाहा, पोट मोकळं वर-खाली होतंय ना.

६. पाठीवरच झोपवा, कठीणसर सपाट गादीवर. कुशीवर किंवा पालथं गुंडाळलेलं बाळ कधीच नको. दहा मिनिटांनी मानेमागे हात लावा. दमट असेल तर सोडा.

दूध पाजताना दुपटं सोडा. आईच्या अंगाची ऊब त्या वेळी मिळतेच, शिवाय गुंडाळलेलं बाळ उबेत पेंगतं आणि अर्धपोटी राहतं. बाळाला ताप असेल किंवा ते तुमच्याच अंथरुणात झोपत असेल तर गुंडाळू नका. आणि कूस बदलायचा प्रयत्न दिसला, काही बाळांत तो दुसऱ्या महिन्यातच दिसतो, की त्या दिवसापासून हे कायमचं बंद.

डोकं मात्र कधीही झाकून झोपवू नका. तोंडावर पदर, दुपट्याचं टोक, सैल टोपडं नाकावर सरकणं हे गुदमरण्याचे धोके आहेत, आणि अंग जादा तापणं हे झोपेतल्या अचानक मृत्यूशी जोडलेलं एक कारण मानलं जातं. टाळूला तेल घातलं तरी त्यावर टोपड्याचं झाकण लागत नाही.

खोली, कूलर, झोळी

अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत शारदाबेन रुग्णालयात नवजात बाळं उष्णतेमुळे अतिदक्षता कक्षात येत होती. तिथला बाळंतिणींचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर अशी बाळं येण्याचं प्रमाण बरंच घटलं. यातून घरासाठी घ्यायचं एवढंच: बाळंतिणीची खोली स्लॅबखालची किंवा पत्र्याखालची नको. वरच्या मजल्यावरची ‘शांत’ खोली देण्यापेक्षा तळमजल्यावरचा, येण्या-जाण्याच्या वाटेवरचा कोपरा बरा. पर्याय नसेल तर स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्या, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा किंवा गोणपाटाचा ओला पडदा लावा.

नागपूर, अकोला, चंद्रपूरकडे हवा कोरडी असते, तिथे कूलर उत्तम चालतो. समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि गारवा येत नाही. झोत भिंतीकडे वळवा. टाकीतलं पाणी आठवड्यातून किमान एकदा पूर्ण काढून टाकी घासा, कारण डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो. मुंबई, कोकण, गोव्याकडे हवाच दमट, तिथे कूलरने घाम आणखी चिकटतो. पंखा आणि समोरासमोर उघड्या खिडक्या यांवर भर द्या. पंख्याचं वारं बाळाला बाधत नाही, फक्त आंघोळीनंतर अंग कोरडं होईपर्यंत थांबा.

पाळण्यावर किंवा झोळीवर डासांसाठी साडी टाकायची सवय सोडा. आत हवा कोंडते आणि काही मिनिटांत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वाढतं. जाळीची छत्री-मच्छरदाणी वापरा. झोळीत हनुवटी छातीला टेकते, कापड दोन्ही बाजूंनी अंगाला बिलगतं. रडणं थांबवायला झोळी ठीक, पण डोळा लागला की सपाट जागी ठेवा.

विदर्भात रात्री गच्चीवर झोपतात. संध्याकाळी स्लॅब तापलेला असतो आणि पहाटे हवा उतरते. बाळ बरोबर असेल तर बाजेवर झोपवा, जमिनीवर नको, आणि पहाटेसाठी एक मलमल हाताशी ठेवा.

आंघोळ, शेक, घामोळं

कोमट पाण्याची आंघोळ पुरते, कडकडीत नको. तेल लावलंच तर पातळ हात, आणि आंघोळीत ते निघून जाऊ द्या. तेलकट अंगावर झबलं चढवलं की घामाची छिद्रं बुजतात. आंघोळीनंतर निखाऱ्याच्या शेगडीवर ओवा, बाळंतशेपा, धूप टाकून बंद खोलीत शेक आणि धुरी देतात. मे महिन्यात हे पूर्ण बंद ठेवा. धूर बाळाच्या फुप्फुसांना कोणत्याच ऋतूत चांगला नाही, आणि बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही येत नाही. टॉवेलने मानेच्या वळ्या, काख, जांघा टिपून कोरड्या केल्या की काम झालं.

घामोळं आलं तर कपडे कमी करा, साध्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने दोन-तीनदा टिपा आणि हवा लागू द्या. पावडर नको. ती श्वासातून आत जाते आणि वळ्यांत घामाबरोबर तिचा चिखल होतो. पुळ्यांत पू दिसला किंवा लाली पसरत गेली तर डॉक्टरांना दाखवा.

उन्हाळा कितीही कडक असला तरी सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी, ग्लुकोजचं पाणी, जायफळाचं बोट काही नको. आईचं दूध बहुतांशी पाणीच असतं. बाळ उन्हाळ्यात थोडं थोडं आणि वारंवार पितं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, कधी त्याहून जास्त. तेवढं पाजा. पाणी प्यायचं ते आईने, आणि ‘बाळंतिणीला पाणी कमी द्यावं’ हे उन्हाळ्यात तर अजिबात ऐकू नका. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी लंगोट ओले झाले पाहिजेत.

घरी आणताना आणि बाहेर नेताना

डिस्चार्ज दुपारी मिळाला तरी संध्याकाळपर्यंत वॉर्डात थांबू द्या अशी विनंती करा, बहुतेक ठिकाणी ऐकतात. नाहीतर गाडी आधी दारं उघडून, मग एसी लावून गार करा आणि मगच बाळाला आत घ्या. अंगात झबलं-लंगोट, हातात एक मलमल. ऊन अडवायला छत्री, तोंडावर कापड नाही. उभ्या गाडीत बाळाला पाच मिनिटंही ठेवायचं नाही. रिक्षातून किंवा एसटीतून जाताना बाळ छातीशी असतं, म्हणजे तुमच्या अंगाची ऊब हाही एक थर झाला. त्यामुळे कपडे आणखी कमी. कावीळ उतरावी म्हणून सकाळी उन्हात उघडं ठेवायला सांगतात. त्याने कावीळ बरी होत नाही, बाळ तापतं मात्र. पिवळेपणा वाटला तर रक्त तपासा.

अंग गरम लागलं तर

थर्मामीटर लावा. काखेत ३७.५ ते ३८ च्या मध्ये आणि बाळ एरवी नीट पीत, हालचाल करत असेल तर सगळे थर काढा, गार खोलीत घ्या, दूध पाजा. वीस-तीस मिनिटांनी पुन्हा मोजा. उतरलं तर कपड्यांमुळेच होतं. उतरलं नाही तर डॉक्टरांकडे.

३८ सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्यापुढे असेल तर घरी वाट पाहू नका. कपडे सैल करून निघा. बाळ पीत नसेल, उठवूनही उठत नसेल, श्वास मिनिटाला ६० च्या वर असेल, छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, टाळू खोल गेली असेल किंवा सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, तर थर्मामीटर काहीही दाखवो, लगेच न्या. अंग ३५.५ च्या खाली गार पडणंही तितकंच गंभीर. बर्फाचं पाणी, अल्कोहोलने पुसणं आणि मनाने दिलेलं पॅरासिटामॉल नको. रुग्णवाहिकेसाठी १०८, माता-बालकांच्या मोफत वाहनासाठी १०२. जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी वेगळा कक्ष असतो, विचारताना ‘एसएनसीयू’ म्हणालात की पटकन दाखवतात.

आणि वळवाचा पाऊस पडला की तासाभरात हवा आठ-दहा अंशांनी उतरते. त्या संध्याकाळी कूलर बंद करून पूर्ण बाह्यांचं झबलं घाला, मानेमागे हात लावून पाहा आणि वाटलंच तर दुपटं घ्या. दोरीवरचे लंगोट दमट वाटले तर इस्त्री फिरवून कोरडे करूनच बांधा.